घेरी : कानाची की मेंदूची?

रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडाकडे माणसांचा जो लोंढा लागतो, तो वणीकरांना नवा नाही. नाशिककडची मंडळी वणीवरून जातात, खानदेशातील मंडळी उन्हातान्हात कित्येक कोस पायी तुडवीत येतात, आणि नांदुरीचा घाट चढून वर पोचले तरी शेवटी पाचशेच्या आसपास पायऱ्या उरतातच. २०१८ साली रज्जुगाडी सुरू झाल्यापासून म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय झाली हे खरे. परंतु पायऱ्यांचा नवस बोललेली माणसे काही गाडीत बसून जात नाहीत. अशा गर्दीत कोणीतरी मटकन खाली बसते. भोवती कोंडाळे जमते. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी पदराने वारा घालते, कोणी लिंबाचे पाणी आणावयास धावतो. आणि निदान तर रोगी नीट आडवा होण्यापूर्वीच झालेले असते : "ऊन लागलं", "उपास बाधला", "पित्त खवळलं", "बीपी उतरलं".

मौज अशी की, ही चारही निदाने पुष्कळदा खरी ठरतात. घेरी आलेल्या बहुतेक माणसांना सावली, पाणी आणि घटकाभर विसावा ह्यांपलीकडे फारसे काही लागत नाही. मग ह्या विषयावर व्याख्यान ते कशाला, असे कोणी विचारील. कारण असे आहे की, इस्पितळाच्या तातडीच्या विभागात घेरीची तक्रार घेऊन येणाऱ्या दर शंभर माणसांत साधारण तीन ते पाच जणांच्या मेंदूची रक्तवाहिनी बंद पडलेली किंवा फुटलेली असते. ह्या तीन-पाच जणांचा हात लुळा पडलेला नसतो, तोंड वाकडे झालेले नसते, वाचाही पुष्कळदा शाबूत असते. उरलेल्या पंचाण्णव जणांसारखेच ते ओकत असतात, डोळे मिटून पडलेले असतात, आणि "जरा पडू द्या मला" एवढेच म्हणत असतात. शंभरांतून हे चार-पाच वेचून काढावयाचे कसे, हाच आमच्या विवेचनाचा विषय आहे.

पहिली अडचण भाषेची. ह्या अवस्थेस मराठीत शब्दांची उणीव नाही : घेरी, भोवळ, चक्कर, झीट, अंधारी, डोके गरगरते, डोके हलके होते, पाय लटपटतात, जमीन वरखाली होते. आयुर्वेदानेही भेद केलेला आहे. माधवनिदानात मूर्च्छा आणि भ्रम ह्यांची लक्षणे निरनिराळी दिली आहेत. शुद्ध हरपते ती मूर्च्छा आणि शुद्ध असून सारे फिरते तो भ्रम, हा भेद आजही निरुपयोगी नाही. पाश्चात्य वैद्यकानेही हाच मार्ग धरला होता. १९७२ साली ड्रॅखमन आणि हार्ट ह्या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी चक्करेचे चार वर्ग पाडले : गरगरणे, बेशुद्ध पडेलसे वाटणे, तोल जाणे, आणि ज्याचे धड वर्णन करता येत नाही असे काहीतरी होणे. रोग्यास विचारावे, "नेमके कसे वाटते?" तो गरगरते म्हणाला की कान पाहावा, अंधारी म्हणाला की हृदय पाहावे. पुढल्या पिढ्या हेच शिकल्या. आम्हीही हेच शिकलो.

ही पद्धत दिसावयास सोपी असली तरी तिचा पाया कच्चा निघाला. २००७ साली डेव्हिड न्यूमन-टोकर ह्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चक्करेच्या रोग्यांस त्यांनी विचारले की तुमची चक्कर कोणत्या प्रकारची. आणि थोड्याच मिनिटांनी तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारला. निम्म्याहून अधिक माणसांनी दुसऱ्या वेळी निराळाच प्रकार सांगितला! ह्यात रोग्याचा दोष नाही. ज्याचे डोके ठिकाणावर नाही त्याच्याकडून शब्दांच्या काटेकोरपणाची अपेक्षा करणे हाच मुळात अन्याय आहे. आपल्याकडे तर "चक्कर येते" ह्या दोन शब्दांत अशक्तपणापासून काळजीपर्यंत वाटेल ते मावते.

मात्र त्याच रोग्यांनी दुसऱ्या काही प्रश्नांची उत्तरे बरीच स्थिर दिली. ती अशी : केव्हा सुरू झाले, किती वेळ टिकते, आणि कशाने येते. कसे वाटते ह्यापेक्षा कधी आणि कशाने, हे विचारावे, हा अलीकडच्या पन्नास वर्षांतील मोठाच पालट आहे. अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यांच्या संस्थेने २०२३ साली ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांचाही भर ह्याच गोष्टीवर आहे.

हे नीट उमजण्यासाठी थोडे शरीरात डोकवावे लागेल. लहानपणी आपण फुगडी खेळलो आहोत. फुगडी थांबते, पाय थांबतात, पण अंगण फिरतच राहते. असे का होते? पाण्याने भरलेली घागर दोन हातांत धरून एकदम गर्रकन फिरवा. घागर फिरते, पण आतले पाणी क्षणभर जागीच राहते. मग तेही फिरू लागते. आता घागर थांबवा, तर पाणी पुढे फिरतच राहते. आपल्या प्रत्येक कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, अशा तीन अर्धवर्तुळाकृती नळ्या एकमेकींशी काटकोन करून बसलेल्या आहेत. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो, आणि द्रवाच्या हालचालीने लवणारे केसासारखे सूक्ष्म तंतू असतात. डोके उजवीकडे वळले की ह्या तंतूंची वर्दी मेंदूस जाते, आणि मेंदू तत्क्षणी डोळ्यांना तितकेच डावीकडे नेतो. म्हणून तर हलत्या एस.टी.त बसूनही आपल्याला बाहेरच्या दुकानाची पाटी वाचता येते.

दोन कानांची ही दोन यंत्रे म्हणजे एका जुवाला जुंपलेले दोन बैल समजा. दोघे सारखे ओढतात तोवर गाडी सरळ चालते. एक बैल एकाएकी अडला की गाडी गोल फिरू लागते. कानातील नसेला सूज आली म्हणजे नेमके हेच होते : मेंदूला एका कानाकडून वर्दी येते, दुसऱ्याकडून येत नाही, आणि डोके उशीवर स्थिर असता मेंदू समजतो की आपण फिरतो आहोत. पण गाडी भलतीकडे जाण्याचे आणखी एक कारण असू शकते. बैल दोन्ही धडधाकट, आणि गाडीवानालाच काही झाले! हा गाडीवान म्हणजे लहान मेंदू आणि मेंदूचा देठ. बैल आणि गाडीवान हा दृष्टान्त वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

आता काळाच्या प्रश्नाकडे वळू. समजा, एक आजीबाई सांगतात की, पहाटे कुशीवर वळले तशी खोली गरगरा फिरली. पाच-पंचवीस आकडे मोजेपर्यंत फिरली आणि थांबली. फडताळातला डबा काढावयास मान वर केली, पुन्हा तेच. स्वस्थ बसले की काही नाही. ही घेरी भयंकर वाटते, आजीबाई घाबरून अंथरूण सोडीत नाहीत, पण सगळ्या घेऱ्यांत ही सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत सहज बरी होणारी. अंतर्कर्णात चुन्याचे अतिसूक्ष्म खडे असतात; आपल्या जागी असले म्हणजे ते उपयोगाचेच. वयोमानाने किंवा डोक्यास मार लागून ते निसटतात आणि बहुधा मागच्या नळीत जाऊन पडतात. डोके त्या दिशेने कलले की खडे घरंगळतात, द्रव ढवळतो, आणि डोके स्थिर असूनही घागर फिरते.

स्थितीनुसार येणाऱ्या ह्या घेरीचे वर्णन रॉबर्ट बारानी ह्यांनी १९२१ साली केले. ह्या बारानींची कथा विलक्षण आहे. व्हिएन्नात कान धुण्याचे काम करीत असता एका रोग्याने तक्रार केली की पाणी गार असले म्हणजे मला गरगरते. पुढे पाणी जास्त ऊन झाले तेव्हाही गरगरले, आणि ह्या वेळी डोळ्यांचे झटके उलट्या दिशेस गेले. दुसरा कोणी असता तर त्याने पाण्याची काळजी घेतली असती. बारानींनी त्यातून अंतर्कर्णाची परीक्षा शोधून काढली. त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते, आणि स्वीडनच्या राजपुत्राच्या मध्यस्थीने सुटून मग ते पारितोषिक घ्यावयास गेले.

ह्या घेरीची परीक्षा लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक ह्यांनी १९५२ साली बसविली. रोग्यास पलंगावर बसवून त्याची मान एका बाजूस अर्धी वळवावयाची आणि त्याला झटकन असे आडवे करावयाचे की डोके पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबेल. दोन-चार क्षण काही होत नाही; मग बुबुळे वरच्या दिशेने आणि गोल झटके देऊ लागतात, आणि मिनिटाच्या आत थांबतात. हे दिसले की निदान झाले. पुढे अमेरिकेतील ऑरेगन संस्थानाच्या जॉन एपली ह्यांनी १९९२ साली अशी कृती प्रसिद्ध केली की, डोके क्रमाक्रमाने वळवीत ते खडे नळीतून बाहेर काढून मूळ जागी परतवावयाचे. ना सुई, ना गोळी. त्यांच्या व्यवसायबंधूंनी आरंभी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. आज जगभर हीच कृती केली जाते. आम्ही प्रथम ज्या बाईंवर ती केली, त्या दहा मिनिटांनी उठून बसल्या, मान वर करून आढ्याकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि म्हणाल्या, "डॉक्टर, मग आठ दिवस मी गोळ्या कशाच्या खाल्ल्या?" ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आता दुसरी घेरी. ती एकदा सुरू झाली की थांबतच नाही. तासन्‌तास, दिवसभर, कधी तीन-तीन दिवस. रोगी डोळे मिटून एका कुशीवर पडून असतो, डोके हलविले की ओकतो. येथे एक फसगत होते आणि ती जाणत्यांचीही होते. "डोके हलविल्यावर वाढते" ह्यावरून पुष्कळजण ही खड्यांचीच घेरी समजतात. पण मुळात नसलेली घेरी हालचालीने येणे ही एक गोष्ट, आणि असलेली घेरी हालचालीने वाढणे ही अगदी दुसरी. घेरी कानाची असो वा मेंदूची, डोके हलविले की ती वाढतेच. म्हणून विचारावयाचे ते असे : "अगदी स्वस्थ, निश्चल पडलात, तरी फिरते का?" फिरते म्हणाला, तर खड्यांची गोष्ट विसरावी.

ह्या सतत राहणाऱ्या घेरीत बहुतेकदा कानाच्या नसेची सूज असते, आणि ती आपोआप ओसरते. परंतु लहान मेंदूचा झटकाही असाच, ह्याच वेषात येतो. आमच्याकडून चूक झाली ती येथे.

बरीच वर्षे झाली त्याला. साठीच्या आतबाहेरचे एक व्यापारी गृहस्थ, बाजाराच्या दिवशी सकाळी दुकानातच ओकू लागले. आम्ही पाहावयास गेलो. "गरगरतं का?" आम्ही विचारले. "नाही हो, डोकं नुसतं हलकं झालंय," ते म्हणाले. रक्तदाब थोडा चढा होता, हातपाय चारही सारखे हलत होते, बोलणे स्वच्छ होते. आदल्या रात्री लग्नघरचे जेवण झालेले. पित्ताचे निदान करून आम्ही उलटीचे इंजेक्शन दिले, बाटली लावली. संध्याकाळी ओकारी थांबली आणि घरात सगळ्यांना हायसे वाटले, आम्हालाही वाटले. दुसऱ्या रात्री ते फार झोपू लागले. "दमले आहेत, झोपू द्या", असे घरातील कोणी म्हणाले, आणि पहाटे त्यांना हाका मारून जाग येईना. नाशिकला नेले तेव्हा कळले की लहान मेंदूचा मोठा भाग रक्ताविना मेला आहे आणि सुजून देठावर दाबतो आहे. कवटी उघडून दाब कमी करावा लागला. ते वाचले. पण दोन्ही बाजूंना आधार दिल्यावाचून त्यांना पुन्हा कधी चालता आले नाही.

पुढे त्यांच्या पत्नी एकदा आम्हाला म्हणाल्या, आणि त्यात राग मुळीच नव्हता, "डॉक्टरसाहेब, त्या दिवशी ह्यांना भिंत धरूनसुद्धा उभं राहता येईना. मी सांगितलं होतं तुम्हाला." सांगितले होते खरेच. आम्ही ते ऐकलेही होते; अशक्तपणाच्या खात्यात टाकून मोकळे झालो होतो.

आज आम्हाला कोणी एकच परीक्षा निवडावयास सांगितली तर आम्ही तीच निवडू. कानाच्या घेरीचा रोगी कितीही बेजार असो, तो कलतो, भेलकांडतो, पण धरले तर उभा राहतो, चार पावले टाकतो. ज्याला पलंगाच्या कडेवर हातांचा आधार न घेता बसताही येत नाही, त्याचा गाडीवान दुखावला आहे असे समजूनच पुढे जावे. ह्यास यंत्र लागत नाही. रोग्याला उठवून बसविण्याचा कंटाळा मात्र सोडावा लागतो. आणि ओकणाऱ्या माणसाला उठवावयास कोणासच नको असते!

दुसरी परीक्षा डोळ्यांची. २००९ साली कट्टाह, न्यूमन-टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतत घेरी असलेल्या १०१ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सारे रोगी असे होते की ज्यांना झटक्याचा काही ना काही धोका होता. त्यांच्या डोळ्यांच्या तीन परीक्षा केल्या. पहिलीत रोग्याने डॉक्टरच्या नाकाकडे टक लावावयाची आणि डॉक्टरने त्याचे डोके एकदम थोडेसे वळवावयाचे. ही परीक्षा हाल्माजी आणि कर्थॉइज ह्यांनी १९८८ साली सांगितली. कान बिघडला असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहवत जातात आणि मग उडी मारून नाकावर परत येतात. कान शाबूत असेल तर डोळे नाकावरून हलतच नाहीत.

येथे वाचक बुचकळ्यात पडतील, कारण पुढची गोष्ट उलटी आहे. सतत घेरी असलेल्या रोग्यात ही परीक्षा बिघडलेली आली तर समाधान मानावयाचे, आणि उत्तम आली तर घाबरावयाचे. बैलांचा दृष्टान्त आठवा. गाडी गोल फिरते आहे हे तर दिसतेच आहे. बैल तपासले आणि एक लंगडा निघाला, तर कारण सापडले. दोन्ही बैल ठणठणीत निघाले, तर मग गाडीवानाकडे धाव घेतली पाहिजे. म्हणूनच जिला घेरी नाही अशा माणसावर ही परीक्षा करून काहीच कळत नाही, आणि खड्यांच्या घेरीतही ती गैरलागू होय.

दुसरी परीक्षा बुबुळांच्या झटक्यांची. डावीकडे पाहिले काय, उजवीकडे पाहिले काय, झटके एकाच दिशेला जात असतील तर कान. पाहण्याची दिशा बदलल्याबरोबर झटक्यांचीही दिशा बदलली तर मेंदू. तिसरीत एक डोळा हाताने झाकावयाचा, मग दुसरा; हात काढताच डोळा वरून खाली किंवा खालून वर सरकला तर तेही मेंदूचेच चिन्ह. पुढे ह्यांत चौथी जोडली गेली : एका कानाला एकाएकी कमी ऐकू येऊ लागणे. लोकांना वाटते की ऐकू येत नाही म्हणजे रोग कानाचाच. पण अंतर्कर्णाला रक्त नेणारी वाहिनी लहान मेंदूच्या वाहिनीची फांदी आहे, तेव्हा खोड वठले की फांदीही वठते.

त्या १०१ रोग्यांत ह्या तीन परीक्षांनी मेंदूचा एकही रोगी निसटू दिला नाही. उलट सुरुवातीस काढलेल्या एम.आर.आय.ने झटक्याच्या रोग्यांपैकी १२ टक्के रोगी निर्दोष ठरविले होते. ते सारे पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत तपासलेले होते. सी.टी. स्कॅनची गोष्ट तर ह्याहून वाईट. रक्तस्राव असेल तर तो उत्तम दाखवितो, पण लहान मेंदूच्या आसपास जाड हाडांची गर्दी असल्याने रक्त अडून झालेला ताजा झटका त्यात पुष्कळदा दिसतच नाही. "सी.टी. नॉर्मल आहे" हे शब्द ऐकून पेढे वाटणारी मंडळी आम्ही पाहिली आहेत. अर्थात एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे : त्या अभ्यासातील परीक्षक डोळ्यांच्या शास्त्रात मुरलेले होते. ज्याने ह्या परीक्षा शिकून, हात बसवून घेतलेला नाही त्याच्या हातून तेवढा अचूकपणा येत नाही, हे नंतरच्या अनुभवाने दिसले आहे. घरच्या माणसांनी तर रोग्याची मान वळविण्याच्या भानगडीत पडूच नये.

मान म्हटल्यावर आणखी एक सांगून टाकतो. झटका म्हणजे म्हातारपणचा रोग ही समजूत सर्वस्वी खरी नाही. मानेतून मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात. मानेस जोराचा हिसका बसला तर त्यांचे आतले अस्तर फाटते आणि तेथे गुठळी होते. दाढी-कटिंगनंतर खुर्चीत बसल्या बसल्या मान कडकड मोडून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती बंद व्हावी असे आमचे स्पष्ट मत आहे. तरुण माणसास मानेत नवीन दुखू लागून पाठोपाठ घेरी आली, तर वय पाहून निश्चिंत राहू नये.

तिसऱ्या जातीची घेरी उभे राहिल्यावर येते आणि आडवे झाल्यावर जाते. यात्रेतील बहुतेक घेऱ्या ह्या जातीच्या. गडाची उंची विरळ हवेने भोवळ यावी एवढी नाही. ऊन, घाम, उपास आणि चढ ह्यांचा तो परिणाम. रक्तदाब आडवे असता एकदा आणि उभे केल्यावर एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजला, आणि वरचा आकडा वीस किंवा अधिक उतरला, तर निदान होते. पण निदान झाले म्हणजे कारण सापडले असे नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन रिकाम्या पोटी चढणारे असतात. मधुमेहाचे इन्शुलिन टोचून उपास करणारेही असतात. त्यांची साखर प्रथम पाहावी, कारण ती उतरली असेल तर मिनिटे मोलाची असतात. काळी, डांबरासारखी शौचास होत असेल तर पोटात रक्तस्राव आहे. पाळी चुकलेल्या तरुण स्त्रीला पोटात दुखून घेरी आली तर गर्भ भलत्या जागी वाढून फुटला आहे काय, हे आधी पाहावे. बसल्या जागी, काही कारण नसता, क्षणात अंधारी येऊन शुद्ध गेली, तर हृदयाचे ठोके मध्येच थांबत आहेत काय ह्यासाठी कार्डिओग्राम काढावा. आणि आपल्या दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागा असल्यामुळे एवढे विचारल्यावाचून राहू नये की, आज फवारणी केली होती काय? घाम, लाळ आणि बारीक झालेली बाहुली ह्यांची जोड घेरीला असेल, तर लिंबूपाण्याने भागणार नाही. अंगावरचे कपडे काढून, अंग साबणाने धुऊन इस्पितळ गाठावे, आणि औषधाचा डबा बरोबर न्यावा.

आता वणीहून नाशिक सुमारे ४५ किलोमीटर. मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते तास रोगी अखेरचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात, इस्पितळात पोचल्यापासून नव्हे. झोपेतून उठल्यावर घेरी असेल तर झोपावयास गेल्याची वेळ धरावी लागते. म्हणून जवळच्या माणसाने कांदा शोधण्यापूर्वी घड्याळ पाहावे आणि वेळ कागदावर लिहावी. घेरी थांबत नाही आणि माणूस आधाराशिवाय बसू शकत नाही, किंवा दोन-दोन दिसतात, बोलणे जड येते, घास अडकतो, तोंडाचा भाग बधिर होतो, डोके किंवा मान एकाएकी विलक्षण दुखते, ह्यांपैकी एक जरी असले तरी १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि जेथे मेंदूचा झटका हाताळण्याची सोय आहे अशाच इस्पितळात न्यावे. रोग्यास कुशीवर ठेवावे म्हणजे ओकारी श्वासनळीत जाणार नाही. शुद्ध पुरी नसताना तोंडात काही घालू नये. पाणी नाही, साखर नाही, तीर्थही नाही. आणि घेरीने आजारी माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फार झोपू लागला, तर तो दमला आहे असे समजू नये. आम्ही तसे एकदा समजलो होतो.

ह्या विषयावर बोललो की शेवटी एक प्रश्न हटकून येतो : "चक्करेच्या गोळ्या किती दिवस घ्याव्या?" कानाच्या नसेची सूज असेल तर ओकारी आणि गरगर सुसह्य होण्यापुरत्या दोन-तीन दिवस. त्यापुढे त्या घेतच राहिले तर त्या मेंदूला गुंगवितात, आणि एका बैलावर गाडी सरळ हाकण्याची सवय जी मेंदूने करून घ्यावयाची ती लांबणीवर पडते. खड्यांच्या घेरीला तर गोळीचा उपयोगच नाही. तेव्हा गोळी आवरावी, अंथरूण सोडावे, आणि पहिले चार दिवस भिंतीच्या कडेने, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, मान इकडेतिकडे वळवीत घरातल्या घरात चालावे. पायऱ्यांचा नवस असेल तर तो पुढल्या चैत्रात फेडावा.